विडीचे सूप, धानाची रोवणी आणि कोर्टाचे जुने कागद

'संप' हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? गिरणीचा बंद भोंगा, फाटकाला लागलेले कुलूप आणि बाहेर बसलेले कामगार. मुंबईच्या कापड गिरण्यांचा १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप तर खेड्यापाड्यातल्या माणसालाही ठाऊक आहे. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले होते. आपल्या शेजारच्या नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि त्याच वर्षी मजुरीच्या दरावरून तिथे संप झाला. हिंदुस्थानातल्या कागदोपत्री नोंद असलेल्या अगदी पहिल्या संपांत त्याची गणना होते. हे सगळे पुस्तकात आहे.

आता कुणी विचारील, "ते नागपूर-मुंबईचं झालं बुवा, आपल्या भंडाऱ्याचं काय?"

आपल्या जिल्ह्यात कामगारांचे भांडण झालेच नाही असे समजू नका. झाले, आणि देशाच्या सर्वात मोठ्या कोर्टापर्यंत गेले. पण ते गिरणीच्या फाटकावर झाले नाही, घराच्या ओसरीवर झाले. कारण आपला मोठा धंदा विडीचा. विडी कारखान्याला भोंगा नाही आणि बहुतेक ठिकाणी फाटकही नाही. सट्टेदाराकडून तेंदूची पाने, तंबाखू आणि सूत मोजून घ्यायचे, घरी आणायचे, पाने भिजवायची, कैचीने कापायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि माल परत नेऊन द्यायचा. सासू, सून, मुलगी सगळ्या बसतात. कार्डावर नाव मात्र एकाचेच. अशा धंद्यात संप करायचा तर कुणाच्या दारात बसायचं? मालक गोंदियाला, सट्टेदार गावातलाच, बहुधा नात्यातला किंवा शेजारचा. म्हणून या भांडणांचे फोटो नाहीत, स्मारके नाहीत. त्यांची नोंद सापडते ती राजपत्रात आणि कोर्टाच्या निवाड्यात. त्यातल्या दोन-तीन कागदांची ओळख आज करून द्यायची आहे. शेतकरी बंधूंनी पहिला कागद जरूर वाचावा, कारण त्यात त्यांचाच प्रश्न आहे.

रोवणीच्या दिवसांत विडी बंद!

गोष्ट १९४८ सालची. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता. धान्याची टंचाई होती, 'अधिक धान्य पिकवा' चा काळ होता. शेतकऱ्यांची ओरड अशी की ऐन हंगामात मजूर मिळत नाही, सगळे विड्यांकडे वळतात. सरकारने ही ओरड मनावर घेतली आणि एक कायदाच केला. त्याचे नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा : शेतीच्या कामासाठी विडी उत्पादनाचे नियमन करणारा कायदा. डेप्युटी कमिश्नरने कोणत्या गावांना शेतीचा हंगाम कोणता ते ठरवायचे आणि त्या काळात त्या गावांतल्या लोकांना विड्या वळण्याची मनाई करायची. कारखानदाराने त्या गावच्या माणसाला कामावर ठेवायचे नाही.

या कायद्याखाली सागर जिल्ह्याच्या डेप्युटी कमिश्नरने १३ जून १९५० ला हुकूम काढला. तोपर्यंत मध्यप्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले होते, राजधानी नागपूरच होती आणि सागर व भंडारा एकाच राज्यात होते. २६ जानेवारीला राज्यघटना लागू होऊन पाच महिनेही झाले नव्हते. चिंतामणराव नावाचे विडी कारखानदार आणि त्यांच्याकडचा एक विडी कामगार, असे दोघेही वेगवेगळे अर्ज घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणणे एवढेच की घटनेने आम्हाला कोणताही धंदा करण्याचा हक्क दिला आहे आणि हा हुकूम तो हिरावून घेतो. खटला चालू असतानाच पहिला हंगाम संपला. सरकारने पुढच्या हंगामासाठी, ८ ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबर १९५०, तसाच दुसरा हुकूम काढला. म्हणजे ऐन धान कापणीचे दिवस.

८ नोव्हेंबर १९५० ला न्यायमूर्ती महाजन यांनी निकाल दिला. शेतीला मजूर मिळावेत हा सरकारचा हेतू चांगला आहे, हे कोर्टाने मान्य केले. पण उपाय अतोनात आहे असे म्हटले. कोर्टाने विचारलेला प्रश्न आपल्या गावातल्या कुठल्याही म्हातारीने विचारला असता असा आहे. गावात शेतात जाऊच न शकणारी माणसे नाहीत का? अपंग, आजारी, म्हाताऱ्या बाया, लहान दुकानदार, ज्यांचा शेतीशी संबंधच नाही असे लोक, यांना विडी वळण्यास बंदी करून शेताला एक तरी जास्तीचा हात मिळणार आहे का? मजुरी करणाऱ्यालाही दिवसभर काम नसते, उरल्या वेळात तो चार पैसे मिळवू शकतो. शेतमजुरांपुरतेच बंधन घालता आले असते, विडीच्या कामाचे तास ठरवून देता आले असते. सरसकट बंदी हे वाजवी बंधन नव्हे. कायदा घटनाबाह्य ठरला.

'वाजवी बंधन' म्हणजे काय, हे सांगताना देशभरातले वकील आजही या निवाड्याचा दाखला देतात. कायद्याच्या विद्यार्थ्याला तो पहिल्या वर्षापासून पाठ असतो. आणि तो निघाला कशातून, तर धानाच्या बांधीत उतरायचे की सूप घेऊन बसायचे या भांडणातून!

माझे मत विचाराल तर शेतकऱ्याची अडचण खोटी नव्हती. पऱ्हे वर आले, पाणी भरले, आणि रोवणीला बाया मिळाल्या नाहीत तर आठ दिवसांत काय होते ते धानवाल्यालाच कळते. पण विडीकडे बाया का जात होत्या, हा प्रश्न त्या कायद्याने विचारला नाही. सावलीतले काम, घरचे लेकरू डोळ्यांपुढे, आणि हंगाम संपला तरी चालू राहणारी मिळकत. रोवणीचा रोज काही दिवसांपुरताच. बाकीच्या दहा महिन्यांचे काय, याचे उत्तर मनाईच्या हुकुमात नव्हते.

हा वाद जुना झाला असे म्हणू नका. रोजगार हमीची कामे हंगामात बंद ठेवा, ही मागणी ग्रामसभांतून आपण कितीदा ऐकली आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी जो नवा ग्रामीण रोजगाराचा कायदा मंजूर केला, त्यात हमीचे दिवस १०० चे १२५ केले आहेत, आणि त्याचबरोबर पेरणी-कापणीच्या ऐन दिवसांत वर्षातून एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूद आहे. ते दिवस राज्याने आधी जाहीर करायचे आहेत. १९४८ चा कायदा खाजगी धंद्यावर बंदी घालत होता, हा सरकारी कामापुरता आहे, हा फरक मोठा आहे. पण मुळातला विचार तोच, की हंगामात मजूर शेताकडे वळवावा. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनी ६० दिवसांचा विषय ग्रामसभेत येईल तेव्हा तो जुना निवाडा आठवावा, एवढेच सुचवतो. गावात शेतात जाऊ न शकणारी माणसे किती, ही यादी तरी आधी करावी.

छाटीचा खटला

आता दुसरा कागद. हा तर अस्सल आपल्या जिल्ह्याचा. गोंदिया १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला, त्याआधी तो भंडाऱ्यातच होता हे नव्या पिढीला सांगावे लागते.

विडीवाल्या घरात 'छाट' हा शब्द समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. कामगाराने विड्या नेऊन दिल्या की तपासणारा त्या पाहतो. बारीक, सैल, फुटलेल्या पानाची, तोंड नीट न दुमडलेली अशा विड्या बाजूला काढतो. ती छाट. छाटीची मजुरी मिळत नाही. हजार विड्या नेल्या आणि शंभर छाटल्या, तर नऊशेचेच पैसे. एका विडीचा दोष कुणाचा हेही नेहमीच वादाचे. पाने वाळकी किंवा भोके पडलेली दिली, तर हात कितीही सराईत असो, विडी बिघडणारच. शिवाय छाट ठरवणार मालकाचा माणूस. म्हणून दर वाढवून घेतला तरी छाट वाढवून तो परत काढून घेता येतो, ही विडी कामगारांची जुनी तक्रार. दराचे भांडण उघड असते, छाटीचे भांडण रोज संध्याकाळी सट्टेदाराच्या ओट्यावर होते आणि तिथेच विरते.

१ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो. त्या सरकारने जून १९५८ मध्ये विदर्भातल्या विडी धंद्यासाठी किमान वेतनाची अधिसूचना काढली. किमान वेतन कायदा १९४८ चा, त्याच्याखाली. पहिल्या कलमांत दर होते. पण सरकार तेवढ्यावर थांबले नाही. कलम ३ ते ७ मध्ये छाटीचाच बंदोबस्त केला. किती छाट काढता येईल, वाद झाला तर काय करायचे, हे सगळे त्यात घातले. ज्याने ही कलमे लिहिली त्याला धंद्याची नस कळली होती, असे मला वाटते. कारण छाटीला लगाम नसेल तर किमान दर हा नुसता कागदावरचा आकडा.

गोंदियाच्या विडी, विडीपत्ता व तंबाखू व्यापारी संघाने याला आव्हान दिले. हायकोर्टात त्यांचे चालले नाही. ते दिल्लीला गेले. नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, लिहिला न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी. कामगारांच्या बाजूने लिहिणारे न्यायाधीश म्हणून त्यांची ख्याती. तरीही इथे निकाल मालकांच्या बाजूने गेला. कारण कायद्याचे. किमान वेतन कायद्याने सरकारला वेतनाचा दर ठरवण्याचा अधिकार दिला आहे, नोकरीच्या बाकीच्या अटी बदलण्याचा नाही. छाटीचा वाद खरा आहे, तो औद्योगिक न्यायाधिकरणापुढे न्यावा, पण या अधिसूचनेत तो बसत नाही. कलम ३ ते ७ रद्द झाली, दर राहिले.

ज्यांच्या छाटीचा हा खटला होता त्या बायांना दिल्लीच्या निकालाची तारीखही कळली नसेल. न्यायाधिकरणापुढे जा म्हणणे सोपे. सूप घेऊन बसलेल्या, गावोगाव विखुरलेल्या, मालक कोण हेच नक्की सांगू न शकणाऱ्या बाईने जायचे कसे?

मालक कोण?

मालकाचा प्रश्न हीच खरी गोम होती. कारखानदार म्हणणार, ही माझी कामगार नाही, सट्टेदाराची आहे. सट्टेदार म्हणणार, मी तर मध्यस्थ. याचेही निवाडे आहेत, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. १९५८ मध्ये पुन्हा सागरच्याच एका प्रकरणात कोर्टाने म्हटले की सट्टेदार हे स्वतंत्र कंत्राटदार, कारखाना कायद्याखालचे कामगार नव्हेत. पुढे नागपूरच्या विडी कारखान्यातल्या कामगारांचा खटला आला. १९६१ च्या रिपोर्टात तो छापलेला आहे. हे कामगार कारखान्यात येऊन विड्या वळत, यायची-जायची वेळ त्यांच्या मर्जीवर, मजुरी नगावर. त्यांनी पगारी रजा मागितली. कोर्टाने त्यांना कामगार मानले आणि रजेचे पैसे मंजूर झाले. लगेच १९६१ मध्ये महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका प्रकरणात, काम जवळपास तसेच, तरी हा माणूस कामगार नाही असे बहुमताने ठरले. एकाच धंद्यात, दोन वर्षांच्या आत, दोन तोंडाचे निकाल.

यावर उपाय म्हणून संसदेने १९६६ मध्ये विडी व सिगार कामगारांचा स्वतंत्र कायदा केला. घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगार, आणि ठेकेदाराच्या आड लपलेला मालक हाही जबाबदार, असे त्यात स्पष्ट लिहिले. आणि पाहा, १९६१ मध्ये गोंदियाच्या खटल्यात उडालेली छाट इथे परत आली. कच्चा माल, नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांचे वाद झटपट सोडवण्याची तरतूद कलम ३९ मध्ये झाली. महाराष्ट्राच्या नियमांत साधारणपणे १०० मागे ५ हून जास्त विड्या छाटू नयेत असे बंधन आले. कामगाराचा जाणूनबुजून हलगर्जीपणा नसेल तर छाटलेल्या विडीचीही निम्म्या दराने मजुरी द्यावी, असेही आले. मालकांनी देशभर या कायद्याविरुद्ध अर्ज केले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला.

त्यानंतरचे भराभर सांगतो. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधी आला. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरकुले. १९७७ मध्ये प्रॉव्हिडंट फंड लागू झाला. घरी बसून वळणाऱ्यांना फंड नाही, ही मालकांची तक्रार १९८५ मध्ये कोर्टाने फेटाळली. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर विडीवरचा उपकर बंद झाला, योजनांचा खर्च अर्थसंकल्पातून होऊ लागला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६६ चा विडी कायदा, किमान वेतन कायदा, औद्योगिक विवाद कायदा हे सगळे त्यांत विलीन झाले. आता कोणत्याही आस्थापनेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस लागते. नव्या नियमांत छाटीचे काय होते, तिकडे विडी गावांच्या ग्रामपंचायतींनी लक्ष ठेवावे.

जुन्या कागदांचा उपयोग काय?

कुणी म्हणेल, झाले गेले, आता हे उकरून कायले काढता? तर साध्या कामासाठी. तुमच्या गावात आज साठीच्या पुढच्या किती बाया अशा आहेत, ज्यांनी वीस-तीस वर्षे विड्या वळल्या आणि हाती काही नाही? १९९५ च्या पेन्शन योजनेत १० वर्षांची सेवा भरली तर मासिक पेन्शन बसते आणि सप्टेंबर २०१४ पासून ते किमान १,००० रुपये आहे. रक्कम थोडी आहे हे कबूल, पण म्हातारपणी औषधाला दुसऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. अडते कुठे? सेवा सिद्ध करण्यात. कार्ड सासऱ्याच्या नावाचे, नाव एका कागदावर 'सीताबाई' तर दुसऱ्यावर 'शितू', जन्मतारीख अंदाजाने. कारखाना बंद, सट्टेदार वारलेला.

तेव्हा घरात जे आहे ते आधी जपा. जुने ओळखपत्र, लॉगबुक, माल घेतल्या-दिल्याची वही, फंडाची पावती, विडी दवाखान्याचे कार्ड, मुलाला मिळालेल्या शिष्यवृत्तीचा कागद. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आड्याला खोचू नका, उंदीर आणि ओल दोन्ही लागतात. पेटीत ठेवा, फोटो काढून ठेवा. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात पालकाचा धंदा लिहिलेला असतो, तिथे 'विडी' असेल तर मुख्याध्यापकांकडून उतारा घ्या. एकटा उतारा पुरावा म्हणून पुरणार नाही, पण इतर कागदांना जोड होतो.

आता बाहेरचे कागद. सर्वोच्च न्यायालयाचे वर सांगितलेले निवाडे त्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. गावातला कॉलेजचा पोरगा मोबाइलवर काढून देईल. किमान वेतनाच्या जुन्या अधिसूचना राजपत्रात आहेत. पण कोणत्या राजपत्रात ते साल पाहून ठरवा. १९५० पूर्वीची मध्यप्रांत व वऱ्हाडची, १९५० ते ५६ मध्यप्रदेशची, १९५६ ते ६० मुंबई राज्याची, आणि १ मे १९६० नंतरची महाराष्ट्राची. नागपूरला पुराभिलेख खात्याचे कार्यालय आहे, तिथे विदर्भाचे जुने दप्तर आहे. जिल्ह्याचे गॅझेटिअर दोन, १९०८ चे इंग्रजांच्या वेळचे आणि १९७९ चे महाराष्ट्र सरकारचे. त्या काळच्या तंट्यांच्या कागदांवर 'मध्यप्रांत व वऱ्हाड औद्योगिक तंटे निवारण कायदा, १९४७' असे नाव दिसले तर गोंधळू नका. विदर्भात तेव्हा तोच चालत होता.

तुमसरकडच्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी. चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीज खाणींतले वाद राज्याच्या कामगार कार्यालयात शोधू नका. खाणींचा विषय केंद्राचा, त्यांचे कागद नागपूरच्या केंद्रीय कामगार कार्यालयात आणि केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरणात.

कार्यालयाने 'जुने रेकॉर्ड मिळत नाही' म्हटले तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. राज्यात १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. २००५ च्या त्या कायद्याचे कलम ८(३) लक्षात ठेवा. २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती नाकारायला कार्यालयापुढे थोडीच कारणे उरतात. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' असे मोघम लिहू नका. कारखान्याचे नाव, सट्टेदाराचे गाव, साल आणि कामगाराच्या नावाची जितकी रूपे चालत असतील तितकी लिहा. आणि गाव आजच्या तालुक्याबरोबर जुन्या तहसिलीनेही सांगा. १९५०-६० च्या कागदांत भंडारा, गोंदिया आणि साकोली या तीनच तहसिली आहेत. लाखनीकडचे गाव बहुधा साकोलीखाली सापडेल, तुमसरचे भंडाऱ्याखाली.